हातमाग, नीळ आणि मोबाइल : एका तरुण विणकराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंगणघाट तालुक्यातील एक तरुण दोन वर्षांपूर्वी पुण्यातील नोकरी सोडून गावी परतला, घराच्या पडवीत त्याने खड्डामाग (विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो हातमाग) बसवला आणि नैसर्गिक रंगाई शिकून घेतली. आजोबा जगले तसे साधे, हातच्या कामाचे आयुष्य त्याला जगायचे आहे. परंतु गिऱ्हाईक सगळे मोबाइलवरून येते. तो लिहितो : “दिवसाकाठी जेमतेम दीड मीटर कापड निघते आणि तीन तास फोनमध्ये जातात. फोन कायमचा बंद करावा का? हातसुताचे कापड इन्स्टाग्रामवर विकणे हा ढोंगीपणा नाही का? आणि संगणकाकडून काढून घेतलेली नक्षी पाठवून ‘अशीच विणून द्या’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे?”

मी सेलू तालुक्यातील एका गावात गेली ३१ वर्षे विणते आणि रंगवते. त्यातली पहिली अनेक वर्षे घरात फोनच नव्हता, त्यामुळे दोन्ही प्रकारचे दिवस मी पाहिले आहेत. तुमच्या पत्रातील ढोंगीपणाच्या शंकेला आधी उत्तर देते, कारण ती मनात राहिली तर पुढचे काहीच उपयोगी पडणार नाही.

तुमचे आजोबा ज्या मागावर बसत, त्याचा धोटा, म्हणजे आडवे सूत वाहून नेणारे साधन, बहुधा दोरीच्या झटक्याने धावत असणार. तो धावता धोटा इंग्लंडमधील जॉन के याने १७३३ मध्ये काढला आणि आपल्याकडच्या हातमागांवर तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पसरला. त्यांच्या ताण्याचे, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचे, सूत बहुतेक गिरणीचे असणार. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी, आणि पुढे आपल्या भागातील कोष्टी घरांमध्ये चातीवरच्या सुतापेक्षा गिरणीच्या सुताचे गठ्ठेच अधिक येऊ लागले. निळा रंग लागला तर तोही बहुधा कारखान्यातील कृत्रिम निळीचा असणार, कारण जर्मनीत तयार झालेली ही नीळ १८९७ पासून बाजारात आली आणि पाहता पाहता तिने आपल्या शेतांतली नीळ संपवली. म्हणजे आजोबांचे आयुष्य यंत्राविना होते असे नाही. त्या आयुष्यात व्यापाऱ्याची उधारी होती आणि सुताच्या धुळीचा खोकलाही होता, हेही विसरू नये. तरीही ते साधे होते असे तुम्हाला वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. मागावर बसलेला माणूस तेव्हा मागावरच असे. सूत घेऊन येणारा व्यापारी, रंगवाला, तगादा करणारा सावकार हे सगळे येत आणि जात, परंतु धोटा हातात असताना कुणी त्यांच्या कानाशी येऊन बसत नसे. तुमचे जे हरवले आहे ते हे आहे, आणि ते परत मिळवता येते. त्यासाठी जुन्या काळात जाण्याची गरज नाही.

सेवाग्राम आश्रमात तुम्ही गेला असाल, तर तेथे जपून ठेवलेला टेलिफोन तुम्ही पाहिला असेल. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवण्यात आला होता. मातीच्या भिंती, कौलांचे छप्पर, जमिनीवर चटई आणि त्याच आवारात टेलिफोन, हे पाहून अनेकांना विसंगती वाटते. मला ती कधी वाटली नाही. मला तेथे दुसराच प्रश्न पडतो, तो असा की हा फोन उचलत कोण असेल? गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा प्रचंड भार त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि प्यारेलाल यांनी वर्षानुवर्षे वाहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या माणसाच्या मोठ्या कामासाठी ती विभागणी योग्यच होती. परंतु तुम्ही फोन कायमचा बंद केलात, तर तुमच्या घरी तो कोण उचलणार आहे? मी अशी दोन-तीन घरे जवळून पाहिली आहेत, जिथे कलावंत फोनला हात लावत नाही आणि त्याची बायको किंवा बहीण स्वयंपाक, गुरेढोरे, वावर सांभाळून त्याच्या गिऱ्हाइकांना दिवसभर उत्तरे देत असते. बाईच्या वेळेवर घरातल्या सगळ्यांचा हक्क आधीच असतो. त्यात ही आणखी एक भर पडते आणि साधेपणाचे नाव मात्र त्याचे होते. तेव्हा फोन ठेवायचा असेल तर स्वतः ठेवा, आणि नको असेल तर त्याच्यामुळे येणारे गिऱ्हाईकही नको म्हणा. तिसरा मार्ग मला न्यायाचा वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. यंत्र स्वीकारावे की नाकारावे, असा प्रश्न मांडला की माणूस अडकतो. आपल्याच परंपरेत तो वेगळ्या रीतीने मांडलेला आहे. गांधीजींना १९२४ मध्ये शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांनी यंत्रांविषयी छेडले, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले होते. पत्नीला हाताने टाके घालण्याचे जे कंटाळवाणे कष्ट पडत, ते पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, असे त्यांनी सांगितले. पुढे १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, आणि त्याच्या अटी मला आजही फार शहाणपणाच्या वाटतात. चरखा हलका आणि सहज हलवता येण्याजोगा असावा; खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा; बाईला फार श्रम न होता त्यावर सलग आठ तास काम करता यावे; आठ तासांत १२ ते २० नंबरचे (नंबर जितका मोठा तितके सूत बारीक) १६,००० फूट सूत त्यावर निघावे; किंमत १५० रुपयांच्या वर नसावी; वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. या अटींत उतरणारा चरखा निघाला नाही आणि ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. मगनवाडीतील मगन संग्रहालयात वेगवेगळे चरखे मांडलेले आहेत. वर्ध्याला गेलात की ते जरूर पाहा आणि पाहताना या अटी मनात ठेवा.

या अटींचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी झोपडी, बाईचे शरीर, खर्च आणि दुरुस्ती यांचा विचार झाला आणि मग यंत्राला आत बोलावले गेले. मोबाइलच्या बाबतीत आपण सगळ्यांनी उलट केले आहे : तो आधी घरात आला, आणि आता तो जे मागेल त्याप्रमाणे आपण आपला दिवस बसवत आहोत. तुम्हाला माझा सल्ला एवढाच की पुढचा ताणा मागावर चढवण्यापूर्वी या साधनासाठी तुमच्या स्वतःच्या अटी कागदावर लिहून काढा. माझ्या अटी मी सांगते, पण त्या नुकसान सोसून मिळालेल्या आहेत, म्हणून आधी ते नुकसान सांगते.

काही वर्षांपूर्वी ऑनलाइन कपडे विकणाऱ्या एका व्यावसायिकांकडून मला पळसफुलांच्या रंगातील ६० ओढण्यांचे काम आले. मुदत २५ दिवसांची होती आणि रोज कामाचे चलतचित्र पाठवायचे होते. सुती कापडाला पळसाचा रंग असा सहजासहजी बसत नाही. कापड आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातली खळ आणि मेण काढावे लागते, मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून वाळवावे लागते, मग कापडाच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के तुरटीच्या पाण्यातून काढून काही दिवस तसेच पडू द्यावे लागते, आणि त्यानंतर रंगाचे भांडे. यातील ‘पडू देण्याचे’ दिवस चित्रात दिसत नाहीत. रोज काहीतरी घडताना दाखवायचे म्हणून मी ते दिवस कापले. रंग सुंदर दिसला, चित्रांना दादही पुष्कळ मिळाली, आणि महिन्याभरात २२ ओढण्या परत आल्या, कारण पहिल्याच धुण्यात रंग उतरला होता. त्या व्यावसायिकांनी घाई केली हे खरे, परंतु हिरडा आणि तुरटी यांची मुदत ठरवण्याचा अधिकार मी त्यांच्या हाती दिला, ही चूक माझी होती. पळसाचा पिवळा रंग मुळातच उन्हाला नाजूक असतो, हेही मी त्यांना आधी सांगायला हवे होते. तेव्हापासून पहिली अट अशी आहे की कोणत्याही साधनाने माझ्या कामाचा वेळ ठरवता कामा नये. पाण्यातून निघालेले कापड दाखवण्यासारखे झाले की मी दाखवते; दाखवायचे आहे म्हणून ते पाण्यातून काढत नाही.

दुसरी अट, माग चालू असताना फोन त्या खोलीत नसतो. हे केवळ मन एकाग्र ठेवण्यासाठी नाही, त्याचे कारण कापडातच दिसते. तुम्ही आज एक गोष्ट करून पाहा. गेल्या महिन्यात विणलेले कापड सकाळच्या उन्हाकडे धरा. त्यात जागोजाग आडव्या, बारीक रेघा दिसतील; कुठे बाणा, म्हणजे आडवे सूत, दाटलेला, कुठे विरळ. माग थांबला की ताणा सैलावतो, विणीची कड किंचित सरकते, आणि पुन्हा बसल्यावर हात्याचा (बाणा ठोकून बसवणाऱ्या चौकटीचा) पहिला ठोका पूर्वीच्या जोराचा पडत नाही. पाय, हात आणि ठोका यांचा जो मेळ दहा-पंधरा मिनिटांत जमतो, तो उठल्याबरोबर मोडतो आणि मोडल्याची खूण कापडावर राहते. मी माझ्या एका थानात अशा रेघा मोजल्या होत्या आणि त्याच दिवसांत आलेल्या फोनची यादी शेजारी ठेवली होती. दोन्ही आकडे इतके जवळ आले की मला आणखी पुरावा लागला नाही. आता मी पहाटे साडेपाच ते दहा सलग विणते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि कोरड्या हवेत ताण्याची सुते पटापट तुटतात, त्यामुळे उन्हाळ्यात तर याच वेळा धराव्या लागतात. खड्डामागाच्या खड्ड्यातील ओल सुताला जपते ती याच दिवसांत. दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर, या दोन वेळी मी फोन हाती घेते आणि सगळी उत्तरे देते. ही वेळ मी माझ्या खात्यावर ठळक लिहून ठेवली आहे. सुरुवातीला काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली ती आजही आहेत.

तिसरी अट अशी की साधन आठवडाभर बंद पडले तरी काम अडू नये. ही अटही मी उशिरा शिकले. रंगाच्या पाककृती, कोणत्या विहिरीच्या पाण्यात कोणता रंग कसा आला, हिराकस (लोहाचा क्षार) किती घातल्यावर हिरड्याचा करडा काळ्याकडे झुकला, या सगळ्या नोंदी मी दोन वर्षे फोनमध्येच ठेवत होते, कारण छायाचित्र काढणे सोपे होते. पावसाळ्यात फोन बिघडला, जुन्या खात्यात काही केल्या शिरता येईना, आणि त्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. आता जाड कागदाची वही आहे. प्रत्येक पानावर रंगवलेल्या कापडाची दोन बोटे रुंद पट्टी टाक्याने जोडलेली, शेजारी पेन्सिलीने तारीख, पाणी, वजने. पेन्सिल अशासाठी की शाई ओल्या हाताने फिसकटते. पोळ्याला आणि होळीला मी या वहीच्या सगळ्या पानांची छायाचित्रे काढून दोन ठिकाणी ठेवते. एवढ्या कामाला फोन उत्तम आहे. मूळ वही कागदाची, राखण फोनची.

आता ज्या साधनांना मी मनापासून घरात घेतले, त्यांच्याविषयी सांगते. सगळे नवे सारखेच लेखण्याची चूक करू नका. निळीच्या भांड्याचे उदाहरण घ्या. मी नीळ तरोट्याच्या बियांवर आंबवते. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो तोच हा बांधावरचा तरोटा. त्याच्या बिया शिजवून निळीत घातल्या की भांडे आंबू लागते, आणि चुन्याने त्याचा क्षारपणा राखायचा असतो. भांडे तयार झाले हे कसे ओळखावे, तर वर तांब्याच्या झाकेची जांभळट साय धरते, साय बाजूला सारली की खालचे पाणी निळे नसून हिरवट पिवळे दिसते, आणि बोटांच्या चिमटीत पाणी घेतले तर ते साबणासारखे बुळबुळीत लागते. त्यात बुडवलेले कापड बाहेर येते तेव्हा हिरवे असते आणि वाऱ्यावर डोळ्यांदेखत निळे होत जाते. मी हे वासाने आणि बोटांनी शिकले, आणि शिकताना अनेक भांडी नासवली. पुढे कुणीतरी मला पीएच, म्हणजे पाणी किती आंबट की क्षारी हे, मोजण्याचा कागद दिला. पट्टी पाण्यात बुडवायची, रंग बदलतो तो डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. दहा-अकराच्या आसपास आले की भांडे ठीक. या कागदाने माझी बोटे आळशी केली नाहीत, उलट अधिक नेमकी केली, कारण आधी बोटांनी अंदाज बांधायचा आणि मग कागदाने तो तपासायचा असा नेम मी धरला. थंडीत भांडे मंदावते तेव्हा वासही मंदावतो आणि फसायला होते. तेव्हा हा कागद फार कामी येतो. साधने निवडताना मी जो फरक करते तो येथे स्पष्ट होईल. कागद विचारल्यावर उत्तर देतो आणि मग गप्प राहतो. फोनला एक गोष्ट विचारायला जावे तर तो दहा गोष्टी समोर ठेवतो. म्हणून फोनला कागदासारखे वागायला लावण्याचे जेवढे उपाय आहेत, तेवढे करा. सूचनांचे आवाज बंद ठेवा, पडद्यावर तीनच चिन्हे ठेवा, आणि निळीचे चलतचित्र पाहायचे तर आधी पूर्ण पाहून घ्या व मग फोन बाजूला ठेवून भांड्याकडे जा. पडद्यावरून वास येत नाही, आणि भांडे नासते आहे हे सर्वांत आधी वासालाच कळते.

पैशांची देवघेव फोनवरून होऊ लागली, हे तर मी आपल्या विणकरांसाठी मोठे सुख मानते. शहरातल्या दुकानात माल ठेवायचा आणि दिवाळीनंतर, कधी त्याच्याही नंतर, तुकड्या-तुकड्यांनी पैसे आणायचे, अशी माझी पहिली वीस वर्षे गेली. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि काही वर्षांत खेड्यापर्यंत पोहोचले. आता निम्मे पैसे मी काम सुरू करण्यापूर्वी घेते, त्यातून सुताचे पैसे रोख देते आणि कातणाऱ्या बायांचे पैसे त्याच दिवशी देते. यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. उधारीने जेवढे माग बंद पाडले, तेवढे यंत्रानेही पाडले असतील की नाही, याची मला शंका आहे.

कापडाच्या छायाचित्रांबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचे बरेचसे तास याच कामात जात असावेत. पडदा आतून प्रकाशतो, कापड बाहेरचा प्रकाश परतवते. त्यामुळे नैसर्गिक रंग पडद्यावर तंतोतंत कधीच येणार नाहीत, हे आधी मान्य करा. शिवाय फोन प्रत्येक चित्रात पांढरा कोणता हे स्वतःच्या मनाने ठरवतो. पिवळ्या कापडाला निळसर करतो आणि निळ्याला पिवळट. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. सकाळी आठ-नऊ वाजता उत्तरेकडच्या ओसरीत, थेट ऊन नसलेल्या जागी चित्र काढायचे आणि प्रत्येक चित्रात रंगीत कापडाशेजारी कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचा तुकडा ठेवायचा. गिऱ्हाइकाला कोरा रंग ओळखीचा असतो, त्यावरून तो बाकीचा अंदाज बांधतो. आणि तीन मीटरांहून मोठे काम असेल तर मी टपालाने दोन इंची पट्टी पाठवते. पट्टी हाती पडून होकार आल्याशिवाय काम सुरू करत नाही. यात आठवडा जातो, पण त्या आठवड्याने परतीचा माल जवळजवळ थांबवला. रोज नवे चित्र टाकण्याची गरज नाही. महिन्यातून एका सकाळी सगळी चित्रे काढून ठेवा आणि ती बेताबेताने वापरा.

कुणीतरी तुम्हाला असेही सांगेल की विणकराने संगणकापासून दूर राहावे, कारण तो परक्या जगातला आहे. हे खरे नाही. संगणकाच्या पूर्वजांत एक माग आहे. फ्रान्समधील ल्यों शहरातल्या जाकार्ड याने १८०४ च्या सुमारास मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे बसवली. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक ओळ. भोक असेल तेथील ताण्याचे सूत वर उचलले जाई, नसेल तेथील खाली राही. त्यापूर्वी नक्षीच्या मागावर दोऱ्या ओढण्यासाठी एक पोर बसवावे लागे, त्याचे कष्ट त्यामुळे गेले. चार्ल्स बॅबेज याने पुढे आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे सूत वर की खाली, एवढ्या दोनच उत्तरांत बोलण्याची रीत आपल्या घरचीच आहे. परंतु जाकार्डच्या कार्डांनी पोराचे कष्ट जसे घेतले, तसा नक्षी धरून ठेवणारा विणकराचा हातही काही अंशी घेतला. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगावकडचे विणकर करवती किनारीचे दात आजही तीन धोट्यांनी, किनारीची आणि अंगाची सुते एकमेकांत अडकवत, हातानेच काढतात. ती किनार पाहिली की कोणती जाण कार्डावर द्यायची नसते हे समजते. माझा निकष असा आहे, की कष्ट काढून घेणारे साधन घ्यावे आणि पारख काढून घेणारे साधन दारात थांबवावे.

हिशेब हे मी कष्टात धरते. ४८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) कापड, इंचाला ४४ सुते, म्हणजे ताण्याला २,११२ सुते. १२ मीटरांचा ताणा घातला तर २५,३४४ मीटर सूत, म्हणजे हजार मीटरच्या गुंडीने पंचवीस गुंड्यांहून थोडे अधिक, आणि तुटफूट धरून सत्तावीस. माझ्या शिक्षिका हा हिशेब चिंचोके मांडून करत आणि तो कधी चुकत नसे. मी तो फोनमधल्या तक्त्यावर करते. पन्हा आणि दाटी बदलली की सगळे आकडे आपोआप बदलतात. येथे माझे काही हरवले असे मला वाटत नाही. मात्र ताण्यातील पट्ट्यांचे रंग मी पडद्यावर कधी ठरवत नाही. रंगवलेल्या गुंड्या ओसरीत दोरीवर टांगते, दोन दिवस जाता-येता पाहते, एखादी काढते, एखादी हलवते. पळसाचा पिवळा खैराच्या काताशेजारी टांगला की अंगावर येतो आणि डाळिंबाच्या सालीच्या रंगाशेजारी शांत होतो, हे पडद्यावरच्या पिवळ्याने मला कधीही सांगितले नसते.

संगणकाकडून नक्षी काढून घेऊन ती विणून मागणाऱ्या गिऱ्हाइकांवर रागावू नका. त्यांच्याजवळ शब्द नसतात म्हणून ते चित्र पाठवतात. ते चित्र नकार देण्यासाठी न पाहता मोजण्यासाठी पाहा. चौकडीचा कागद घ्या, एक चौकोन म्हणजे चार सुते असे धरा, आणि त्या नक्षीतले आकार चौकोनांत बसवत जा. गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची होईल, केसासारख्या बारीक रेघा गळतील, आणि सत्तावीस छटांपैकी हिरडा, तुरटी, हिराकस, नीळ, कात आणि डाळिंब मिळून सहा-सात छटा तुमच्या हाती उरतील. जे उरेल ते तुमच्या मागाचे असेल. त्या कागदाचे छायाचित्र काढा आणि गिऱ्हाइकाला पाठवून सांगा की या नक्षीतून माझ्या मागावर एवढे विणता येते, हे रंग असे येतील, आणि यासाठी इतके दिवस लागतील. चौकडीच्या कागदाला दोन पट्ट्या जोडून टपालाने मूळ कागदही पाठवा. पुष्कळ जण तेव्हाच सांगतात की आम्हाला हेच हवे होते. काही जण दुसरीकडे जातात, त्यांना जाऊ द्या. संगणकाची नक्षी जशीच्या तशी हवी असा हट्ट असेल तर ती छपाईच्या कारखान्यात उत्तम निघते, आणि तसे त्यांना सरळ सांगावे.

तुमच्या पुढच्या ताण्यासाठी पंधरा दिवस असतील असे धरते. तोपर्यंत अटींचा कागद लिहून मागाजवळच्या भिंतीला लावा, घरात तो सगळ्यांना वाचून दाखवा, आणि नवे कापड उतरले की ते उन्हाकडे धरून रेघा मोजा. आकडा मला कळवा. मी दुपारी बारानंतर उत्तर देईन.